नवा लॅपटॉप, २३ सॉफ्टवेअरची यादी आणि त्याआधीचे तीन प्रश्न

तुमचा प्रश्न आधी थोडक्यात मांडते. तुम्ही विंडोज ११ असलेला नवा लॅपटॉप घेतलाय आणि पुढच्या महिन्यापासून घरून काम सुरू करताय: भाषांतरं, दोन-तीन ग्राहकांचे हिशेब, ईमेल, व्हिडिओ मीटिंगा. बँकेचे व्यवहारही याच लॅपटॉपवर होणार. मित्राने २३ सॉफ्टवेअरची यादी दिली आहे. त्यात दोन अँटीव्हायरस, एक क्लीनर, ड्रायव्हर (प्रिंटर, वायफाय वगैरे चालवणारी छोटी सॉफ्टवेअर) अपडेट करणारं एक, व्हीपीएन, झिप उघडणारं, पीडीएफ एडिटर, व्हिडिओ प्लेअर असं बरंच काही आहे. यातली खरोखर गरजेची कोणती, आणि विंडोज १० वरचा जुना लॅपटॉप जोडीला ठेवता येईल का, हे तुम्हाला हवंय.

मी १८ वर्षं छोट्या कार्यालयांचे आणि घरून काम करणाऱ्यांचे कॉम्प्युटर सांभाळते. नवीन माणसाकडे गेले की सॉफ्टवेअरचं नाव काढायच्या आधी तीन प्रश्न विचारते. हा लॅपटॉप उद्या चोरीला गेला तर कुठलं काम अडेल? तुमचं ईमेल दुसऱ्याच्या हाती लागलं तर त्याला आणखी काय काय उघडता येईल? आणि कुठली फाइल गेली तर ती पुन्हा करताच येणार नाही? या तीन उत्तरांवरून काय लागेल ते आपोआप कळतं. यादीवरून सुरुवात केली की उलटं होतं. कॉम्प्युटर भरतो आणि जे जपायचं ते उघडं राहतं.

इतक्या वर्षांत माझ्याकडे हवालदिल होऊन आलेल्या लोकांपैकी "अँटीव्हायरस नव्हता म्हणून" अडकलेले फार थोडे. बहुतेकांचा एकच पासवर्ड दहा ठिकाणी होता, किंवा बॅकअप नव्हता, किंवा भलत्याच ठिकाणाहून काहीतरी डाउनलोड केलेलं होतं. म्हणून मी सॉफ्टवेअरकडे घरात कामाला ठेवलेल्या माणसासारखं बघते. प्रत्येकाला किल्ली द्यावी लागते. विश्वासाची चार माणसं पुरतात.

काही गोष्टी तुमच्या परिस्थितीवर ठरतील, ते आधीच सांगते. एखाद्या ग्राहकाने स्वतःचे नियम घालून दिले असतील तर माझ्या सल्ल्याआधी ते पाळा. लॅपटॉप घरात आणखी कोणी वापरणार असेल तर त्यांचं वेगळं अकाउंट काढा, आणि ते साधं ठेवा, अ‍ॅडमिनिस्ट्रेटरचं नको. खरं तर स्वतःच्या रोजच्या कामालाही साधंच अकाउंट वापरलेलं बरं. मग काही इन्स्टॉल व्हायला लागलं की विंडोज अ‍ॅडमिनचा पासवर्ड मागतं, आणि तिथे हात क्षणभर थांबतो.

आता क्रमाने. सगळ्यात आधी अपडेट. यात नवीन काही घालायचंच नाही, जे आहे ते ताजं ठेवायचं. मे २०१७ मध्ये वॉनाक्राय नावाच्या, फायली कुलूपबंद करून पैसे मागणाऱ्या खंडणीखोर व्हायरसने जगभरातले लाखो कॉम्प्युटर बंद पाडले. ब्रिटनमधल्या सरकारी रुग्णालयांना ठरलेल्या तपासण्या आणि शस्त्रक्रिया पुढे ढकलाव्या लागल्या. तो ज्या भगदाडातून शिरला ते बुजवणारं अपडेट मायक्रोसॉफ्टने १४ मार्चला दिलं होतं आणि हल्ला झाला १२ मेला. मधले ५९ दिवस औषध हाताशी होतं, फक्त कोणी घेतलं नव्हतं. त्यामुळे "रीस्टार्ट करा" असं आलं की संध्याकाळी काम संपल्यावर रीस्टार्ट करा. आठवडाभर ढकलत नेऊ नका.

तुमच्या जुन्या लॅपटॉपचं उत्तरही इथेच आहे. विंडोज १० ची नेहमीची अपडेट १४ ऑक्टोबर २०२५ ला थांबली. मायक्रोसॉफ्टने मुदतवाढीची योजना काढली, पण ती तात्पुरती सोय आहे. जुन्या लॅपटॉपवर विंडोज ११ चढत असेल तर चढवा. चढत नसेल तर त्यावर विंडोजच्या जागी लिनक्स मिंटसारखी प्रणाली घाला. ईमेल, ब्राउझर आणि लिखाणाला ती व्यवस्थित पुरते. दोन्ही जमणार नसेल तर तो लॅपटॉप बँक, ईमेल आणि ग्राहकांच्या फायलींपासून लांब ठेवा. "अजून छान चालतोय" हे मी रोज ऐकते. चालत असतोच. पण त्यात उद्या सापडणारी भगदाडं कोणी बुजवणार नसतं.

अँटीव्हायरसबद्दल माझं मत स्पष्ट आहे: नवीन काही घालू नका. विंडोज ८ पासून, म्हणजे २०१२ पासून, अँटीव्हायरस विंडोजमध्येच येतो. आज त्याचं नाव मायक्रोसॉफ्ट डिफेंडर. जर्मनीतली एव्ही-टेस्ट आणि ऑस्ट्रियातली एव्ही-कम्पॅरेटिव्ह्ज या संस्था नियमित चाचण्या घेतात आणि त्यात डिफेंडर बऱ्याच वर्षांपासून नामांकित विकतच्या अँटीव्हायरसांच्या बरोबरीने उभा राहतो. दोन अँटीव्हायरस एकत्र ठेवणं तर नकोच. दोघंही प्रत्येक फाइल उघडताना मध्ये पडतात, एकमेकांवर संशय घेतात आणि लॅपटॉप रखडतो. लॅपटॉपसोबत ३० दिवसांचा किंवा वर्षभराचा एखादा अँटीव्हायरस आलेला असेल तर तो आत्ताच काढून टाका. तो असला की डिफेंडर मागे सरतो, आणि मुदत संपल्यावर संरक्षण कोणाकडे आहे हेच पुष्कळांना माहीत नसतं. काढल्यावर विंडोज सिक्युरिटी उघडून डिफेंडर चालू झालाय ना ते बघा. तिथेच "नको असलेली अ‍ॅप रोखणं" अशा अर्थाची एक सेटिंग आहे. ती बंद असेल तर चालू करा, फुकटच्या सॉफ्टवेअरला चिकटून येणारा कचरा ती अडवते.

क्लीनर आणि ड्रायव्हर अपडेटर या दोन्हींवर फुली मारा. रजिस्ट्री, म्हणजे विंडोजच्या सेटिंगची नोंदवही, साफ करून लॅपटॉप वेगवान झाल्याचं मी एकदाही पाहिलेलं नाही, बिघडल्याचं मात्र पाहिलंय. जागा मोकळी करायला विंडोजमध्ये स्टोरेज सेन्स आहे. ड्रायव्हर विंडोज अपडेटमधून येतात, आणि एखादा अडला तर लॅपटॉप बनवणाऱ्या कंपनीच्याच साइटवरून घ्यायचा. २०१७ ची एक घटना मी नेहमी सांगते. सीक्लीनर हे तेव्हाचं अतिशय लोकप्रिय साफसफाईचं सॉफ्टवेअर. त्याची ५.३३ ही आवृत्ती कंपनीच्या अधिकृत साइटवरूनच हल्लेखोरांचा कोड सोबत घेऊन लोकांपर्यंत गेली, आणि ती २० लाखांहून जास्त कॉम्प्युटरवर बसली. लोकांची काही चूक नव्हती, त्यांनी योग्य जागेवरूनच घेतलं होतं. पण त्या सॉफ्टवेअरची खरी गरज त्यातल्या किती जणांना होती?

आता ब्राउझर. तुमचं निम्म्याहून जास्त काम तिथेच होणार, म्हणून याच्यावर थोडं थांबते. क्रोम, एज, फायरफॉक्स यातलं कोणतंही चालेल, सगळे स्वतःहून अपडेट होतात. कोणता घ्यावा यावर तास घालवू नका, पण तो कसा वापरायचा याकडे लक्ष द्या. माझी पद्धत अशी: एक ब्राउझर फक्त ईमेल, बँक आणि ग्राहकांच्या कामाला. दुसरा इतर सगळ्याला, म्हणजे बातम्या, शोधाशोध, व्हिडिओ. कामाच्या ब्राउझरमध्ये एक्स्टेन्शन, म्हणजे ब्राउझरला जोडायची छोटी सॉफ्टवेअर, दोनच: पासवर्ड मॅनेजरचं (त्याबद्दल पुढे) आणि जाहिराती रोखणारं. एक्स्टेन्शन घालताना "सर्व वेबसाइटवरचा तुमचा डेटा वाचणं आणि बदलणं" अशी परवानगी मागितली जाते आणि आपण ती न वाचता देतो. त्याचा अर्थ शब्दशः घ्या. बँकेचं पान उघडं असेल तर तेही त्यात येतं.

चांगलं एक्स्टेन्शनही पुढे चांगलंच राहील असं नाही. द ग्रेट सस्पेंडर नावाचं एक एक्स्टेन्शन होतं. न वापरलेले टॅब झोपवून मेमरी वाचवायचं, मीही लोकांना सुचवलं होतं. २०२० मध्ये ते मूळ लेखकाने दुसऱ्याच्या हवाली केलं आणि फेब्रुवारी २०२१ मध्ये गूगलने ते घातक ठरवून बंद केलं. सुचवलेल्या प्रत्येकाला फोन करून मी ते काढायला लावलं. तेव्हापासून "उपयोगी पडेल" एवढ्या कारणासाठी कोणालाही एक्स्टेन्शन सुचवत नाही.

जाहिराती रोखणारं मात्र मी गरजेच्या यादीत धरते. सॉफ्टवेअरचं नाव शोधलं की वर जाहिरात येते, आणि त्या जाहिरातीतून नकली साइटवर गेलेले लोक मी पुष्कळ पाहिलेत. असंच एक, यूब्लॉक ओरिजिन, फायरफॉक्सवर पूर्ण ताकदीने चालतं. क्रोमने एक्स्टेन्शनचे नियम बदलल्यामुळे तिथे त्याची लाइट आवृत्ती घ्यावी लागते. रोजच्या कामाला तीही पुरते. आणि पत्त्याच्या पट्टीतल्या कुलपावर भरवसा ठेवू नका. कुलूप एवढंच सांगतं की तुमच्या आणि त्या साइटच्या मधलं बोलणं कोणी ऐकत नाही. साइट कोणाची आहे हे ते सांगत नाही, भामट्याच्या साइटलाही कुलूप फुकट मिळतं. लोक त्याचा चुकीचा अर्थ लावतात म्हणूनच क्रोमने २०२३ मध्ये ते चित्रच काढून टाकलं.

तुमच्या मित्राच्या यादीत नसलेली आणि मी पहिल्या क्रमांकावर ठेवीन अशी वस्तू म्हणजे पासवर्ड मॅनेजर, सगळे पासवर्ड एका कुलूपबंद तिजोरीत ठेवून जिथले तिथे भरणारं सॉफ्टवेअर. पासवर्डबद्दलच्या जुन्या समजुती आधी सोडा. मोठं अक्षर, आकडा, चिन्ह, दर तीन महिन्यांनी बदल, ही रीत ज्या सरकारी मार्गदर्शिकेतून जगभर पसरली ती अमेरिकेच्या निस्ट या संस्थेत बिल बर यांनी २००३ मध्ये लिहिली होती. २०१७ मध्ये त्यांनी स्वतःच त्यातल्या बऱ्याच गोष्टींबद्दल खेद व्यक्त केला. निस्टचं आजचं म्हणणं वेगळं आहे: पासवर्ड लांब असावा, आणि फुटल्याचा संशय नसेल तर ठरावीक मुदतीने बदलायला लावू नये. दर तीन महिन्यांनी बदलायला लावलं की माणूस शेवटचा १ काढून २ करतो. हे मी प्रत्येक कार्यालयात पाहिलंय.

खरा धोका वेगळाच आहे. कुठल्यातरी किरकोळ साइटवरून तुमचा ईमेल आणि पासवर्ड फुटतो, आणि तीच जोडी मग यंत्राकडून शेकडो ठिकाणी लावून बघितली जाते. तुमचा ईमेल पत्ता कुठे कुठे फुटलाय हे ट्रॉय हंट यांनी २०१३ मध्ये सुरू केलेल्या हॅव आय बीन पोन्ड या साइटवर बघता येतं. आज बघाच. उपाय एकच, प्रत्येक ठिकाणी वेगळा पासवर्ड. आणि शंभर वेगळे पासवर्ड माणसाच्या लक्षात राहत नाहीत, म्हणून मॅनेजर.

कोणता? बहुतेकांना मी बिटवॉर्डन सुचवते. फुकट आवृत्ती पुरते, फोन आणि लॅपटॉप दोन्हींवर चालतं, त्याचा कोड सगळ्यांना तपासायला खुला आहे. आपली तिजोरी कोणाच्या सर्व्हरवर नको असं ज्यांना वाटतं त्यांना कीपासएक्ससी. त्यात सगळं तुमच्याच डिस्कवरच्या एका फाइलमध्ये राहतं, पण ती फाइल जपायची जबाबदारीही तुमचीच. ब्राउझरचा स्वतःचा मॅनेजरही काही नसण्यापेक्षा कितीतरी चांगला. २०२२ मध्ये लास्टपास कंपनीकडून ग्राहकांच्या तिजोऱ्यांच्या प्रती चोरीला गेल्या, तेव्हा बऱ्याच जणांनी मला विचारलं की आता मॅनेजर वापरायचा का. वापरायचा. तिजोऱ्यांतले पासवर्ड कुलूपबंद होते, आणि ज्यांचा तिजोरी उघडणारा मुख्य पासवर्ड तोकडा त्यांना धोका सगळ्यात जास्त. म्हणून मुख्य पासवर्ड म्हणजे एकमेकांशी संबंध नसलेले पाच-सहा शब्द ठेवा. गाण्याची ओळ नको, घरच्यांची नावं नकोत. ते शब्द कागदावर लिहा आणि कागद महत्त्वाच्या कागदपत्रांत ठेवा. कागदापर्यंत इंटरनेटवरचा चोर पोचत नाही.

मॅनेजरचा सगळ्यात मोठा फायदा मला एका भाषांतरकार बाईंमुळे नीट कळला. त्यांचा सकाळीच फोन आला, "ताई, तुम्ही घालून दिलेलं बिघडलंय, पासवर्ड भरतच नाही." मी म्हटलं, काहीही टाइप करू नका, पत्त्याच्या पट्टीतलं एकेक अक्षर मला वाचून दाखवा. त्या वाचत गेल्या. मधल्या एका जागी 'एम' यायला हवा होता, तिथे त्यांनी 'आर' आणि 'एन' अशी दोन अक्षरं वाचली. छोट्या इंग्रजी अक्षरांत ती दोन शेजारी आली की हुबेहूब 'एम' दिसतात. पान, रंग, चिन्ह, सगळं खऱ्या साइटसारखं होतं. डोळा फसला होता. मॅनेजरकडे मात्र त्या पत्त्याची नोंदच नव्हती, म्हणून तो गप्प बसला. मॅनेजर स्वतःहून पासवर्ड भरत नसेल तर हाताने भरायची घाई करू नका, आधी पत्ता वाचा.

त्याच्या जोडीला दुहेरी पडताळणी, म्हणजे पासवर्डनंतर आणखी एक पुरावा मागणं. सुरुवात ईमेलपासून करा, कारण "पासवर्ड विसरलात?" म्हटलं की बाकी सगळ्या किल्ल्या ईमेलमध्येच येऊन पडतात. एसएमएसने येणारा ओटीपी काही नसण्यापेक्षा बरा, पण तुमच्या नंबरचं दुसरं सिम कोणी काढलं तर तो त्याच्याकडे जातो. दर ३० सेकंदांनी बदलणारा कोड देणारं अ‍ॅप त्याहून चांगलं. जिथे पासकीची (पासवर्डऐवजी फोन किंवा लॅपटॉपच्या कुलपानेच लॉगिन करायची) सोय असेल तिथे पासकी घ्या, कारण ती नकली साइटवर चालतच नाही. आणि हे चालू करताना साइट जे रिकव्हरी कोड देते ते छापून ठेवा. फोन हरवला, कोडचं अ‍ॅप फोनसोबत गेलं, आणि स्वतःच्याच ईमेलच्या बाहेर उभं राहावं लागलं, अशी माणसं माझ्याकडे दरवर्षी येतात. तेव्हा माझ्या हातात काहीच नसतं.

बॅकअपबद्दल सगळ्यांना माहीत असतं आणि तरी सगळ्यात जास्त नुकसान तिथेच होतं. एका हिशेबनिसांची डिस्क गेली. त्यांनी धीराने सांगितलं, "काळजी नाही, दर शनिवारी पेनड्राइव्हवर घेतो." मी पेनड्राइव्ह लावला. फोल्डर होते, नावं बरोबर होती, वर्षवार लावलेली होती. फायलींचा आकार बघितला तर प्रत्येक फाइल २ केबी. डेस्कटॉपवरचे शॉर्टकट ते इतकी वर्षं इमानाने कॉपी करत होते. शॉर्टकट म्हणजे फाइल कुठे आहे याची चिठ्ठी, आणि ज्या डिस्ककडे ती चिठ्ठी बोट दाखवत होती तीच गेली होती. त्यानंतर त्यांच्या खोलीत जी शांतता पसरली ती मी विसरलेले नाही. म्हणून बॅकअप घेतला की तो दुसऱ्या कॉम्प्युटरला लावून त्यातल्या दोन-तीन फायली उघडून बघा. हे केलेलं नसेल तर बॅकअप आहे असं धरू नका.

छायाचित्रकार पीटर क्रोग यांनी रूढ केलेला ३-२-१ चा हिशेब तुम्हाला पुरेल: तीन प्रती, दोन वेगळ्या प्रकारच्या साधनांवर, त्यातली एक घराबाहेर. तुमच्यासाठी याचा अर्थ मूळ फाइल लॅपटॉपवर, एक बाहेरची हार्ड डिस्क आणि एक क्लाउड, म्हणजे इंटरनेटवरची साठवण. सॉफ्टवेअर नवीन लागत नाही, विंडोजची फाइल हिस्टरी बाहेरच्या डिस्कवर प्रती घेते. फक्त डिस्क काम झालं की काढून ठेवा. कायम लावलेली असेल तर खंडणीखोर व्हायरस मूळ फायलींबरोबर तिच्यावरच्या फायलीही कुलूपबंद करतो. क्लाउडचं फोल्डर म्हणजे बॅकअप असंही समजू नका. तुम्ही इथे फाइल पुसली की तिथलीही पुसली जाते. कचरापेटीतून किंवा जुन्या आवृत्त्यांतून ती परत मिळते, पण ठरावीक दिवसांपुरतीच. ते दिवस किती आहेत ते तुमच्या क्लाउडच्या सेटिंगमध्ये बघून ठेवा.

याच्याच लगत एक काम आहे जे जवळजवळ कोणी करत नाही. विंडोज ११ च्या बऱ्याच लॅपटॉपवर डिस्क आपोआप एन्क्रिप्ट होते, म्हणजे किल्लीशिवाय वाचता येणार नाही अशी होते. चांगलंच आहे, लॅपटॉप चोरीला गेला तरी फायली वाचता येत नाहीत. पण एखाद्या दुरुस्तीनंतर किंवा अपडेटनंतर निळा पडदा येतो आणि ४८ आकडी रिकव्हरी की मागतो. ती बहुधा तुमच्या मायक्रोसॉफ्ट अकाउंटमध्ये साठवलेली असते. तिथे आहे का ते आजच बघा, आणि छापून मघाच्या कागदांत ठेवा. ती नसेल तर डिस्कवरचं काहीही परत मिळत नाही, मलाही नाही आणि कंपनीलाही नाही.

उरलेली छोटी सॉफ्टवेअर भराभर घेते. पीडीएफ वाचायला ब्राउझर पुरतो, सही किंवा खुणा करायला एजही चालतो. व्हिडिओला व्हीएलसी. कागदपत्रांना ग्राहक जे वापरतात ते. मायक्रोसॉफ्ट ऑफिस विकत घ्यायचं नसेल तर लिब्रेऑफिस, पण गुंतागुंतीची मांडणी असलेली फाइल परत पाठवण्याआधी ग्राहकाकडे ती कशी दिसते ते एकदा विचारा. झिप विंडोज स्वतःच उघडतं, विंडोज ११ ची नवी अपडेट घेतली असतील तर रार आणि सेव्हन-झेड या तशाच फायलीही उघडतं. मग वेगळं कशाला? २०१९ मध्ये अशा फायली उघडणाऱ्या विनरार या सॉफ्टवेअरमध्ये एक भगदाड सापडलं, ते तब्बल १९ वर्षं तिथे होतं. दुरुस्ती आली, पण विनरार स्वतःहून अपडेट होत नाही, त्यामुळे असंख्य लोकांकडे ते तसंच राहिलं. सॉफ्टवेअर घेताना मी पहिला प्रश्न हाच विचारते: हे स्वतःहून अपडेट होतं का? होत नसेल आणि तरी लागणारच असेल, तर महिन्यातला एक दिवस ठरवून हाताने करा.

डाउनलोड नेहमी बनवणाऱ्याच्या साइटवरून किंवा मायक्रोसॉफ्ट स्टोअरमधून. क्रॅक केलेलं सॉफ्टवेअर, मित्राने दिलं तरी, नाही. "आधी अँटीव्हायरस बंद करा" अशी सूचना जिथे दिसेल तिथेच थांबा. आणि फाइल एक्सप्लोररमध्ये जाऊन फायलींच्या नावाचं शेपूट (शेवटच्या टिंबानंतरची अक्षरं) दिसेल अशी सेटिंग करा. विंडोज ते मुळात लपवून ठेवतं. मे २००० मध्ये आयलव्हयू नावाचा व्हायरस याच सवयीमुळे पसरला. लोकांना पत्रासारखी मजकुराची साधी फाइल दिसली, कारण नावाच्या शेवटी असलेलं प्रोग्रामचं शेपूट झाकलेलं होतं. "बिल" किंवा "ऑर्डर" नावाच्या फाइलला शेवटी ईएक्सई दिसलं तर ते बिल नाही.

व्हीपीएनबद्दल लोकांची अपेक्षा फार वाढवून ठेवलेली आहे. तुम्ही कोणत्या साइटवर जाता हे तुमच्या इंटरनेट कंपनीला किंवा सार्वजनिक वायफायवाल्याला दिसू नये, एवढं काम ते करतं. त्याऐवजी ते आता व्हीपीएन कंपनीला दिसतं. व्हायरस, नकली साइट, फुटलेला पासवर्ड यापासून ते वाचवत नाही. घरून काम करताना बहुधा गरज नाही. ग्राहकाने त्यांचं स्वतःचं दिलं तर ते त्यांच्या कामापुरतं वापरा. फुकटचं मात्र घालू नका. दूरवरून कॉम्प्युटर चालवायची सॉफ्टवेअर, एनीडेस्क, टीमव्ह्यूअर वगैरे, कायम बसवून ठेवू नका. ज्याला तुम्ही स्वतः फोन केलाय त्याच्यासाठी उघडा आणि काम झालं की काढा. समोरून आलेल्या फोनवर कोणी घालायला सांगितलं तर तो फोन भामट्याचा.

सोयीसाठी काही घालायच्या आधी विंडोजमध्ये काय आहे ते बघा. विंडोजची कळ आणि व्ही दाबलं की आधी कॉपी केलेले बरेच मजकूर पुन्हा मिळतात. भाषांतराच्या कामात हे फार उपयोगी पडेल, फक्त मीटिंगमध्ये स्क्रीन दाखवताना ती यादी उघडू नका. रात्री डोळ्यांना त्रास होतो म्हणून नाइट लाइट, सलग काम करायचं असेल तर फोकस, आणि सूचना पाठवणाऱ्या अ‍ॅपपैकी दोन-तीन सोडून बाकी सगळी गप्प. देवनागरीचा कीबोर्डही विंडोजमध्ये आहे, भाषेच्या सेटिंगमधून तो चालू करा. टायपिंगचं सॉफ्टवेअर कुठूनही उचलू नका, कीबोर्डला तुम्ही टाइप केलेलं प्रत्येक अक्षर दिसतं, पासवर्डसुद्धा.

मी तुमच्या जागी असते तर पहिल्या दिवशी आधी सगळी अपडेट, मग लॅपटॉपसोबत आलेला अँटीव्हायरस काढणं, मग ब्राउझर आणि जाहिराती रोखणारं, मग पासवर्ड मॅनेजर. त्यात ईमेल आणि बँक एवढेच दोन पासवर्ड नवे करून घालायचे, बाकीचे महिनाभरात, जसजसं लॉगिन होईल तसतसे. त्याच संध्याकाळी ईमेलची दुहेरी पडताळणी आणि रिकव्हरी कोडची छपाई. दुसऱ्या दिवशी बॅकअपची डिस्क. तुमच्या २३ पैकी व्हीएलसी, ऑफिसचं एक सॉफ्टवेअर आणि मीटिंगचं ग्राहक सांगतील ते, एवढीच उरतात.

एक गोष्ट मात्र तुम्हालाच विचारावी लागेल आणि ती काम सुरू व्हायच्या आधी विचारा. हिशेब ग्राहकांचे आहेत, त्यांत त्यांच्या लोकांची नावं, पगार, खात्यांचे क्रमांक असतील. या फायली तुमच्या क्लाउडवर ठेवलेल्या त्यांना चालतील का, आणि काम संपल्यावर किती दिवसांनी पुसायच्या, हे त्यांच्याकडून ईमेलवर लिहून घ्या. काही जण क्लाउडला नाही म्हणतील. त्यांच्यासाठी दुसरी बाहेरची डिस्क घ्या, ती एन्क्रिप्ट करा आणि दुसऱ्या घरी, विश्वासाच्या माणसाकडे ठेवा.